घडी कोठे घालावी? — कॅरमच्या टेबलाचे गणित

मुंबईच्या कांदिवली पश्चिमेला चारकोप नावाची वसाहत आहे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नगरविकास प्रकल्पातून म्हाडाने ती उभारली. येथे तयार घरांऐवजी आखलेले भूखंड, रस्ते, पाणी आणि गटारे दिली गेली. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधावे, अशी ही योजना होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असलेले भूखंड २५ ते ४० चौरस मीटरचे होते. पुढे पुष्कळांनी वर मजले चढवले, पण खालच्या खोलीचे क्षेत्रफळ काही वाढले नाही.

अशा घरात कॅरम मांडायचा म्हटले की पहिला प्रश्न जागेचा येतो. कॅरमचा खेळायचा भाग ७४ से.मी. लांबीरुंदीचा असतो. भोवतीच्या लाकडी चौकटीची रुंदी ७ से.मी. धरली, तर पूर्ण बोर्ड ८८ से.मी.चा होतो. चारी बाजूंना खेळाडूसाठी ६० से.मी. जागा सोडली, तर सुमारे २०८ से.मी. लांबीरुंदीचा चौरस लागतो. म्हणजे ४.३ चौरस मीटर! २५ चौरस मीटरच्या भूखंडाचा हा जवळजवळ सहावा भाग झाला. त्याच जागेत रात्री अंथरुणे पडतात आणि परीक्षेच्या दिवसांत धाकटीचा अभ्यासही तेथेच चालतो. तेव्हा खेळून झाल्यावर टेबल भिंतीला लागले पाहिजे. घडीचे टेबल हवे, हे उघड आहे. पण घडी कोठे घालावी?

बोर्डाला घडी का नको?

सर्वांत आधी सुचते ते असे, की बोर्डच मधोमध कापावा आणि बिजागऱ्या लावून पुस्तकासारखा मिटावा. बुद्धिबळाचे पट असे मिळतातच. मग कॅरमचा का नाही?

बुद्धिबळाचे मोहरे आपण उचलून ठेवतो. कॅरमची सोंगटी मात्र घसरत जाते. तिचे वजन अवघे ५ ते ५.५ ग्रॅम असते. वाटेत अर्ध्या मिलिमीटरची पायरी आली, तरी ती अडखळते किंवा दिशा बदलते. पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा याची कसोटी नियमांतच दिलेली आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोराने मारला, तर त्याच्या सुमारे साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत.  जोड असलेल्या फळीवर हे साधणे कठीण आहे.

दुसरे कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड म्हणजे उभ्या पोकळ तंतूंची जुडी. हे तंतू हवेतील ओल शोषतात आणि फुगतात, पण फुगतात ते जाडीने. लांबीने जवळजवळ नाहीच. म्हणून पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकते ते रुंदीला, उंचीला नव्हे. अखंड सागवानी फळी घेतली आणि पावसाळ्यात ती रुंदीला फक्त एक टक्का फुगली असे समजा, तर ७४ से.मी.मध्ये ७ मि.मी.हून अधिक वाढ होईल! चौकट तिला वाढू देणार नाही, मग फळी मध्येच कमानीसारखी उचलली जाईल.

यावर उपाय प्लायवूडचा. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात आणि प्रत्येक पापुद्र्याचे तंतू शेजारच्याच्या काटकोनात असतात. एक पापुद्रा ज्या दिशेने फुगू पाहतो, त्या दिशेला दुसऱ्याचे तंतू लांबीने पडलेले असतात. ते त्याला धरून ठेवतात. पापुद्र्यांची संख्या नेहमी विषम असते, कारण मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी ओढ राहिली तरच फळी सपाट राहते. बोर्डासाठी प्लायवूड निदान ८ मि.मी. जाड असावे, असा नियमच आहे.

तेव्हा बोर्ड अखंडच हवा. घडी पडेल ती पायांना.

पाय बोर्डालाच जोडले तर?

पाय कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे घेऊ. पोथी ठेवायची घडीची घोडी तुम्ही पाहिली असेल, तीच ही रचना. नियमाप्रमाणे बोर्डाचा पृष्ठभाग जमिनीपासून ६३ ते ७० से.मी. उंच असावा. आपण ६५ धरू. बोर्डाची तळच्या रिपांसह जाडी ५ से.मी. मानली, तर पायांची उभी उंची ६० से.मी. उरते.

आता जमिनीवर पायांच्या टोकांतील अंतरही ६० से.मी. ठेवले, तर पायाची लांबी पायथागोरसच्या सिद्धान्तावरून काढता येते: ६० चा वर्ग अधिक ६० चा वर्ग बरोबर ७२००. त्याचे वर्गमूळ सुमारे ८५. बोर्ड ८८ से.मी.चा आणि पाय ८५ से.मी.चा, म्हणजे मिटल्यावर पाय खाली मावेल असे वाटते. पण थांबा! पायाचे वरचे टोक बिजागरीने बोर्डाच्या मध्यापासून ३० से.मी.वर बसणार. तेथून बोर्डाच्या पलीकडच्या काठापर्यंत जागा आहे ३० अधिक ४४, म्हणजे ७४ से.मी. पाय ११ से.मी. बाहेर डोकावेल.

टोकांतील अंतर बदलून पाहू. अंतर ४० से.मी. घेतले, तर पाय ७२ से.मी.चा होतो आणि जागा उरते ६४. अंतर ३० घेतले, तर पाय ६७ चा आणि जागा ५९. दोन्ही वेळा पाय ८ से.मी. बाहेर. अंतर कितीही घ्या, पाय त्याहून कमी बाहेर येत नाही. तुम्ही आलेख काढून हे ताडून पाहा. सारांश, कात्रीचे पाय टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवायचे असतील, तर ते बोर्डाला कायमचे जोडू नयेत. घोडी वेगळी करावी आणि बोर्ड तिच्यावर नुसता बसवावा.

टेबल कलंडेल का?

अंतर ४० असो वा ६०, घोडी वेगळीच असेल, तर कमी अंतर घेऊन लाकूड का वाचवू नये? याचे उत्तर तरफेच्या नियमात आहे.

बोर्ड १० कि.ग्रॅ. आणि घोडी ४ कि.ग्रॅ., मिळून १४ कि.ग्रॅ. असे समजू. हे वजन मध्यबिंदूतून खाली काम करते. अंतर ४० असेल, तर पायाचे टोक मध्यापासून २० से.मी.वर येते आणि बोर्डाचा काठ त्याच्यापुढे २४ से.मी. लोंबतो. काठावर १४ × २० ÷ २४, म्हणजे जेमतेम १२ कि.ग्रॅ. भार पडला की टेबल कलंडणार. कोणी उठताना हात टेकला तरी पुरे! अंतर ६० केले, तर टोक ३० से.मी.वर जाते आणि काठ १४ से.मी.च लोंबतो. आता १४ × ३० ÷ १४, म्हणजे ३० कि.ग्रॅ. भार लागेल. पायाची लांबी १३ से.मी.ने वाढली, पण स्थैर्य अडीचपट झाले.

घोडी पसरू नये म्हणून

चार काठ्या चार बिजागऱ्यांनी जोडून चौकोन करा. तो सहज तिरपा होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. घोडीच्या दोन पायांचे वरचे भाग आणि बोर्ड मिळून असाच त्रिकोण होतो. पण पायांची टोके बोर्डाखाली घसरू लागली, तर त्रिकोण मोडेल आणि घोडी पसरून जमिनीला टेकेल.

म्हणून बोर्डाच्या तळाला दोन रिपा अशा बसवाव्या, की त्या पायांच्या वरच्या आडव्या पट्ट्यांना बाहेरच्या बाजूने अडवतील. जमीन गुळगुळीत असली आणि सगळा ताण याच रिपांनी पेलायचा असला, तर प्रत्येक रिपेवर पडणारा जोर वरच्या एकूण भाराइतका असतो, कारण आपल्या घोडीत उंची आणि अंतर सारखेच आहेत. बोर्डाचे १० आणि टेकलेल्या हातांचे २० धरले, तर ३० कि.ग्रॅ.चा रेटा आडवा बसेल. रिपा नुसत्या चुकांनी ठोकू नयेत; डिंक लावून स्क्रूने आवळाव्या. खालच्या आडव्या पट्ट्यांना नवारीचा पट्टा बांधला, तर ताण वाटला जातो.

बांधणी

मुरलेल्या लाकडाचे ४.५ × २.५ से.मी. छेदाचे चार पाय घ्या. छेदणारे पाय एकमेकांशी काटकोन करतात, म्हणून त्यांची टोके ४५ अंशांत कापायची. गुण्या लावून आखणी करा. दोन चौकटी होतील, एक बाहेरची आणि एक आतली. बाहेरची ६० से.मी. रुंद असेल, तर दोन पायांची जाडी वजा जाता आत ५५ से.मी. राहतात. प्रत्येक बाजूला ३ मि.मी.चा वॉशर मावण्यासाठी आतली चौकट ५४.४ से.मी. करावी. दोन्हींच्या बरोबर मध्यावर भोक पाडून बोल्ट घालावा. चारही भोके एका मापाची आणि एका रेषेत नसतील, तर घोडी तीनच पायांवर उभी राहील.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बाहेरच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या पायांच्या मधोमध बसवल्या, तर मिटताना आतली चौकट त्यांच्यावर अडते. त्या पायांच्या बाहेरच्या अंगावर बसवाव्या. आतल्या चौकटीला ही अडचण नाही. तेथे पायाला चौकोनी भोक पाडून पट्टीचे कोरलेले टोक, म्हणजे कुसू, त्यात घट्ट बसवता येते.

अभ्यासाचे झाकण

आता धाकटीच्या अभ्यासाचे पाहू. १२ मि.मी. प्लायवूडचे ४४ × ८८ से.मी.चे दोन तुकडे कॅरमच्या चौकटीवर शेजारी शेजारी ठेवले की लिहिण्याचे टेबल तयार. येथे मध्ये जोड असला तरी बिघडत नाही. चौकट पृष्ठभागापासून २ से.मी. उंच असेल, तर जोडाखाली १८ मि.मी.ची रीप एका तुकड्याला चिकटवा आणि तिच्या तळाला बनातीची पट्टी लावा. म्हणजे फळी वाकणार नाही आणि कॅरमवर ओरखडाही पडणार नाही. झाकणावर ५ से.मी.चे ६४ चौरस रंगवले, तर बुद्धिबळाचा पटही मिळतो.

मिटलेली घोडी सुमारे ७ से.मी. जाड होते. बोर्डाशेजारी ती भिंतीला उभी केली, तर सगळे मिळून १५ ते २० से.मी. जागा अडते. ४.३ चौरस मीटरचा खेळ आता ०.२ चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत मावला!

करून पाहा

लाकडाला करवत लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याचा दहाव्या प्रमाणाचा नमुना करा. पाय ८.५ से.मी.चे, बोर्ड ८.८ से.मी.चा आणि बोल्टच्या जागी टाचणी. बोर्डाच्या काठावर एकेक नाणे ठेवत जा आणि किती नाण्यांना टेबल कलंडते ते मोजा. मग पायांतील अंतर ४ से.मी. करून हाच प्रयोग पुन्हा करा. दोन उत्तरांचे गुणोत्तर अडीचच्या जवळ येते का? फार वेगळे आले, तर नमुन्यातील पायांचे आणि बोर्डाचे वजन तपासा, आणि मगच सुताराकडे जा.