पशुवैद्यकाचे निरंतर शिक्षण : नवापूरच्या साथीचा धडा



भात आणि तुरीच्या लागवडीविषयी माहिती देण्यासाठी खांडबारा परिसरात एक मेळावा घेतला होता. बियाणे, खते, तणनियंत्रण यांवरचे प्रश्न संपल्यावर मागच्या रांगेतील एक गृहस्थ उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, माझी गाय अडली होती. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर ट्रेनिंगला गेल्याचं कळलं. दुसरे डॉक्टर येईपर्यंत वासरू दगावलं. डॉक्टर शिकूनच नोकरीला लागतात ना? मग पुन्हा पुन्हा हे कसलं शिक्षण?"

प्रश्न रास्त होता आणि त्यामागचे नुकसानही खरे होते. मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, पशुवैद्यक नाही. म्हणून त्या वेळी त्यांना अर्धेच उत्तर देऊ शकलो. पुढे पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभागातील सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि जे समजले ते येथे मांडत आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते खांडबारा ज्या तालुक्यात आहे, त्या नवापूर तालुक्यातच आहे.

पदवीनंतर पुन्हा शिक्षण कशासाठी?

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यात शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. परंतु नोकरी त्यापुढे तीस-पस्तीस वर्षे चालते आणि तेवढ्या काळात रोगही बदलतात, औषधेही बदलतात.

समजा, एखाद्या पशुवैद्यकाने १९८५ साली पदवी घेतली. त्या वेळी गुरांचा सर्वांत भयंकर रोग म्हणून त्याला बुळकांडी शिकविली गेली. लसीकरणाच्या मोठ्या मोहिमेमुळे आपला देश या रोगातून मुक्त झाला आणि २०११ साली जगातूनच बुळकांडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. याउलट, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग भारतात प्रथम आढळला तो १९८७ साली, म्हणजे त्याची पदवी झाल्यानंतर. लम्पी चर्मरोग तर २०१९ साली ओडिशात प्रथम दिसला आणि २०२२ साली आपल्या राज्यात घरोघरी पोहोचला. जो रोग शिकला तो उरला नाही आणि जे रोग समोर आले ते अभ्यासक्रमात नव्हते, अशी ही स्थिती आहे.

औषधांचेही तसेच आहे. गुरांच्या तापावर व सुजेवर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सर्रास वापरले जात असे. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे संशोधनातून सिद्ध झाले. त्यामुळे २००६ पासून जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली व मेलोक्झिकॅम हा पर्याय पुढे आला. कोंबड्यांच्या खाद्यातून दिले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ साली खाद्य-उत्पादक प्राण्यांसाठी बंद करण्यात आले, कारण माणसाच्या गंभीर आजारात ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावे लागते. अशी माहिती वेळेवर न पोहोचल्यास जुनीच औषधे लिहिली जातात.

कपाशीवर पूर्वी जे कीटकनाशक लागू पडत होते ते आज पडत नाही, हे आपण अनुभवाने जाणता. शेतीत जे शेतकऱ्याला पटते, तेच गोठ्यात आणि खुराड्यातही खरे आहे.

नवापूर, फेब्रुवारी २००६

नवापूर परिसरात अंडी उत्पादनाची मोठी कुक्कुटपालन केंद्रे उभी राहिली होती. २००६ सालच्या सुरुवातीस तेथे कोंबड्यांची मर सुरू झाली. ही मर राणीखेतची, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो त्या रोगाची असावी, असा सुरुवातीला समज होता. तो समज अगदीच निराधार नव्हता. मानमोडी हा आपल्याकडचा जुना रोग आहे. बर्ड फ्लू मात्र त्यापूर्वी भारतातील कोंबड्यांमध्ये नोंदलाच गेला नव्हता.

नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी निदान जाहीर झाले. रोग बर्ड फ्लू होता, विषाणू एच५एन१. देशातील ही पहिलीच नोंद होती. त्यानंतर बाधित क्षेत्राच्या तीन किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट करण्यात आले व दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवण्यात आली. मोठ्या केंद्रांतील लाखो पक्ष्यांबरोबर पाड्यांवरील परसातल्या कोंबड्याही गेल्या. ज्या घरात चार कोंबड्या हीच अडीअडचणीची रोकड, त्या घराला तो घाव मोठा होता. अंडी व कोंबडीचे भाव देशभर कोसळले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही रोग आढळला.

नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो का?

दोन्ही रोगांची लक्षणे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की केवळ पाहून निश्चित निदान करता येत नाही.

मानमोडी : हिरवट पातळ हगवण, धाप लागणे, मान वाकडी होणे, पंख व पाय लुळे पडणे, अंडी उत्पादन घटणे.

बर्ड फ्लू : फारशी लक्षणे न दिसता अचानक मोठी मर, डोके व चेहरा सुजणे, तुरा व गलोल निळसर-काळपट पडणे, पायांवर रक्ताचे डाग, अंडी उत्पादन एकदम थांबणे. हगवण आणि धाप येथेही दिसू शकते.

यास्तव खात्री प्रयोगशाळेतच होते. परंतु प्रयोगशाळेपर्यंत नमुना तेव्हाच जातो, जेव्हा पशुवैद्यकाच्या मनात शंका येते. ज्या रोगाची माहितीच नाही त्याची शंका कशी येणार? निरंतर शिक्षणाचे खरे मोल येथे आहे. प्रशिक्षणात पशुवैद्यकाला नव्या रोगाची लक्षणे, नमुना घेण्याची व बर्फात ठेवून पाठविण्याची रीत, स्वतःच्या बचावाचा पोशाख घालण्याची व काढण्याची पद्धत, तसेच पक्षी नष्ट करून पुरण्याचे नियम शिकविले जातात. ही कामे पुस्तक वाचून हाताला बसत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला आणि पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. म्हणजे शिक्षणाने रोग येणारच नाही, असे नव्हे. मात्र या वेळी रोगाचे नाव सर्वांना ठाऊक होते, निदानाची वाट आखलेली होती आणि केंद्र शासनाचा कृती आराखडा हाताशी होता. २००६ साली यांपैकी बरेचसे प्रथमच करावे लागले होते.

कायदा काय सांगतो?

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्यासाठी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली देता येतात.

दुसरा कायदा २००९ सालचा, प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा. त्यातील जबाबदारी आपल्यापासून सुरू होते. अनुसूचीतील रोगाचा संशय आल्यास पशुपालकाने ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीस कळवावे, तेथून खबर पशुवैद्यकाकडे व पशुवैद्यकाकडून वरिष्ठांकडे जावी, अशी ही साखळी आहे. पहिली कडी आपली आहे. ती तुटली तर कितीही शिकलेला डॉक्टर उपयोगी पडत नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात घ्यावी. बर्ड फ्लूमध्ये नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची ती मिळत नाही. म्हणजे मर लपविणाऱ्याचा रोज तोटाच होत असतो.

पशुपालकांनी काय करावे?

१) मर नोंदवही ठेवावी. दररोज मेलेले पक्षी, अंडी, खाद्याचा खप, लस दिल्याची तारीख व लसीचे नाव लिहावे. मानमोडीची लस वेळेवर देऊनही मर होत असेल, तर ही नोंद पशुवैद्यकाला फार उपयोगी पडते.

२) अचानक मर झाल्यास त्याच दिवशी कळवावे. दवाखाना बंद असल्यास १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

३) मेलेला पक्षी घरी फाडू नये, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

४) आजारी पक्षी बाजारात विकू नयेत अथवा पाहुण्यांकडे पाठवू नयेत. आपला तालुका गुजरातच्या सीमेवर आहे. रोगाला सीमा कळत नाही.

५) दुसऱ्याच्या केंद्रातील अंड्यांचे ट्रे, पिंजरे व वाहने धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय आत घेऊ नयेत. बदके व रानपक्षी कोंबड्यांच्या पाण्यापासून दूर ठेवावेत.

६) औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके आणू नयेत. औषध चालू असताना अंडी व दूध किती दिवस वापरू नये, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

७) मांस व अंडी पूर्ण शिजवून खावीत. ७० अंश सेल्सिअस तापमानात हा विषाणू नष्ट होतो.

त्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर

आता मेळाव्यातील त्या गृहस्थांचे अर्धे राहिलेले उत्तर. डॉक्टर प्रशिक्षणाला गेले हे योग्यच झाले. परंतु त्यांच्या जागी कोण, हे गावाला माहीत नव्हते, ही उणीव होती. प्रशिक्षण हवे म्हणून अडलेली गाय थांबत नाही. पशुवैद्यक बाहेरगावी असताना कार्यभार कोणाकडे आहे व त्यांचा दूरध्वनी क्रमांक काय, हे दवाखान्याच्या फळ्यावर आणि ग्रामपंचायतीत लिहिलेले असावे. ग्रामसभेत ही मागणी जरूर करावी. तिला खर्च येत नाही.

आणखी एक करावे. डॉक्टर परत आले की त्यांना विचारावे, "साहेब, या वेळी नवीन काय शिकलात? आमच्या गुरांना, कोंबड्यांना त्याचा काय उपयोग?" गावातल्या पाच-दहा पशुपालकांना बसवून अर्धा तास त्यावर बोलण्याची त्यांना विनंती करावी. त्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस आपल्या अडचणीतून गेलेले असतात, तेव्हा त्यातून मिळालेले ज्ञान आपल्या दारापर्यंत आले पाहिजे. नवापूरला पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यास पहिल्याच दिवशी ओळखता यावी, एवढी तयारी मात्र डॉक्टर आणि पशुपालक यांना मिळून करता येईल.