सकाळी गाडी अडते, दोष कुणाचा?



हंगाम आटोपला की आपल्यापैकी अनेकजण मुलाबाळांना घेऊन घाट उतरतात. कुणी अलिबागला थांबतात, कुणी पुढे रेवदंड्याला मुक्काम करतात. संध्याकाळी किल्ला पाहून होतो, रात्री माशाचे जेवण होते, आणि सकाळी निघायच्या वेळी गाडी अडून बसते. मग भोवती जमलेल्या मंडळींत दोन मते पडतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली, नवी टाका." दुसरा म्हणतो, "हल्ली पेट्रोलात ते इथेनॉल घालतात ना, त्याचाच हा प्रताप!" पहिल्याचे ऐकले तर हजारो रुपये जातात. दुसऱ्याचे ऐकले तर तपास न करताच आपल्या उसावर खापर फुटते. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेतला पाहिजे.

आधी आवाज ऐका

चावी फिरवल्यावर इंजिन रडत-रडत, मंद फिरते किंवा नुसते 'टक्' वाजते, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा. इंजिन रोजच्यासारखे भराभर फिरते पण पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलच्या नाहीतर ठिणगीच्या बाजूचा. एवढे ओळखले की निम्मे काम झाले.

खाऱ्या हवेची करामत

रेवदंड्याच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. वाऱ्याबरोबर मीठ येते. हे मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि धातूला गंज चढवते. एका रात्रीत काही गाडी गंजत नाही. पण आधीच सैल झालेला, मळलेला जोड तिथल्या ओलाव्यात दगा देतो. ज्यांची गाडी कायम किनाऱ्यावर असते, त्यांना तर हा त्रास नेहमीचाच.

बॅटरीच्या खांबांवर पांढरी-हिरवी पूड साचते, ती दिसते तरी. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी मात्र खाली असते, तिच्याकडे कोण बघतो? स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. जोडात एका ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका अडथळा आला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. हॉर्नला आणि दिव्यांना वीज थोडी लागते, म्हणून ते चालतात आणि स्टार्टर अडतो. पाटाला पाणी भरपूर, पण दारं गाळानं तुंबलेलं, असा हा प्रकार.

साधा मीटर जवळ असला की निदान सोपे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास असेल तर निम्मीच. इंजिन फिरवताना आकडा ९.६ च्या खाली उतरू नये. बॅटरी ठीक असूनही इंजिन मंद फिरत असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरून दुसऱ्याला चावी फिरवायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थची वाट खराब आहे असे समजावे.

उपाय स्वस्त आहे. इंजिन बंद करून आधी ऋण आणि मग धन वायर सोडावी. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशने खांब घासावेत, पुसून कोरडे करावेत. जोडताना आधी धन, मग ऋण. घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावावे. हे काम करताना जवळ विडी-काडी नको. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

इंजिन फिरते, पण पेटत नाही

इंजेक्शनच्या गाडीत चावी 'ऑन' करून दोन-तीन सेकंद थांबावे, बंद करावी, असे तीनदा करून मग स्टार्ट मारावा. अशाने पटकन सुरू झाली, तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरत असण्याचा संभव मोठा. मेकॅनिकला तेवढेच सांगावे, म्हणजे तो पंपाची झडप आणि इंजेक्टर तपासील. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी. डिझेल गाडीत हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरावा. हातपंप मारल्यावरच ती सुरू होत असेल, तर पाइपात हवा शिरते आहे.

आणि आपले इथेनॉल?

इथे आपल्या मालाची बाजू घ्यायची म्हणून सत्य झाकू नये. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, ही गोष्ट खरी. म्हणून तर ब्राझीलमध्ये १९७९ साली निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आल्या, तेव्हा थंडीत सुरू करण्यासाठी त्यांना पेट्रोलची छोटी टाकी जोडावी लागली. पण आपल्याकडे २०२३ पासून मिळू लागलेल्या ई-२० पेट्रोलात इथेनॉल २० टक्के, उरलेले ८० टक्के पेट्रोलच. आणि रेवदंड्याची थंडी म्हणजे काही हिमालयाची थंडी नव्हे. चांगल्या स्थितीतली गाडी तेवढ्याने अडू नये.

मात्र इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले, तर इथेनॉल त्या पाण्यासह पेट्रोलपासून सुटून तळाशी बसते, आणि पंप तळाचेच ओढतो. म्हणून आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवू नये, झाकणाचे रबर फाटले असेल तर बदलावे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीसाठी कंपनीचे पुस्तक पाहावे आणि रबरी पाइप दरवर्षी तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये.

सारांश, सकाळी गाडी अडली की आधी कान द्यावा, मग मीटर लावावा, आणि खिशात हात सर्वांत शेवटी घालावा. चारचौघांत कुणी इथेनॉलच्या नावाने बोट मोडू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. बॉनेट उघडून अर्थची पट्टी दाखवा!