शिवेवरचा वाघदेव

वाघदेव म्हणजे लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ. त्याच्या जोडीला सूर्य, चंद्र आणि नाग, कधी मोर, आणि सगळ्यावर शेंदूर. सुरगाणा, पेठ आणि डांगच्या डोंगराळ पट्ट्यात तो गावाच्या शिवेवर, रानाच्या तोंडाशी उभा असतो. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, गुराखी त्याची पूजा करतात, घरोघरचे धान्य मागून आणतात, रांधतात आणि गुरे राखण्याचे मागणे घालतात. ज्याची भीती त्यालाच राखणदार करणारे हे कोरीवकाम म्हणजे या मुलखाचे निसर्गचित्र आहे आणि गावाची ओळखही.

सुरगाणा नाशिक जिल्ह्याच्या वायव्येला, गुजरातच्या सीमेवर आहे. पूर्वीचे हे छोटे संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. कोकणा, वारली आणि महादेव कोळी या इथल्या प्रमुख जमाती. नार आणि पार या नद्या इथून पश्चिमेकडे वाहतात. पाऊस भरपूर पडतो. उतारावर नागली आणि वरई, खोलगट जागी भात पिकतो. कोकणा लोकांची बोली मराठी आणि गुजरातीच्या शेजारात वाढली. तिचे साहित्य पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नव्हते, ते मुखी होते.

या साहित्याचे वाद्य म्हणजे काशाची थाळी. थाळीच्या मध्यभागी मेण लावून त्यात बारीक काडी उभी करतात. बोटे काडीवरून वरून खाली ओढली की थाळी घुमू लागते आणि त्या नादावर भगत रात्ररात्र कथा सांगतो. कणसरी ही या कथांमधली धान्यमाता. तिला नैवेद्य दाखवल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत. रामकथाही थाळीवर गायली जाते. डाह्याभाई वाढू यांनी गुजरातच्या बाजूची कोकणा रामकथा लिहून काढल्यामुळे ती वाचकांपर्यंत पोहोचली.

मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो. व्रत धरलेले भक्त, ज्यांना माउल्या म्हणतात, दुधी भोपळा आणि शिंग यांपासून केलेल्या पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात. पौर्णिमेच्या सुमारास सगळे डोंगरावरच्या देवाच्या ठिकाणी जातात. इथे डोंगर हाच देव असतो आणि त्याला भेटायला पायांनी वर चढावे लागते.

निसर्गातून समाजाने स्वतःची ओळख घडवण्याचे जगात गाजलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. युरोपसारखे जुने किल्ले आणि राजवाडे त्या नव्या राष्ट्राकडे नव्हते. म्हणून लेखक आणि चित्रकारांनी अफाट अरण्यालाच राष्ट्राचा वारसा मानले. इमर्सन यांचा ‘नेचर’ हा निबंध आणि थॉमस कोल यांचे ‘द ऑक्सबो’ हे चित्र, दोन्ही 1836 मधले. कोल यांच्या चित्रात डावीकडे वादळाने झोडपलेले रान आणि उजवीकडे नदीच्या वळणात आखीव शेते दिसतात. पाहणारा उंच कड्यावर उभा आहे. पण त्या भूमीत हजारो वर्षे राहिलेली मूळ माणसे चित्रात कुठेच नाहीत. त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा 1830 मध्येच झाला होता. निसर्ग राष्ट्राचा झाला, आणि त्यात राहणारे त्यातून पुसले गेले.

सुरगाण्याच्या पट्ट्यातली कला राहणाऱ्यांच्याच हातची आहे. शेजारच्या वारली चित्रांत हे स्पष्ट दिसते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात. मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, जनावरे आणि माणसे. माणूस झाडापेक्षा मोठा नसतो आणि चित्राबाहेर उभा राहून पाहणारा कुणी नसतो. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांना 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र जगभर भारताची खूण म्हणून ओळखले जाते.

लिखित साहित्यातही आदिवासींनी आपला आवाज उभा केला. 1979 मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 मध्ये आला. या लेखनात जंगल हे हक्काचे घर आहे, आणि ते हातून जाण्याचे दुःखही त्यात आहे.

हाच हक्क मागत सुरगाण्याचे शेतकरी मार्च 2018 मध्ये मोठ्या संख्येने नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून जुन्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळेही धरली जातात. त्यामुळे शिवेवरच्या शेंदरी वाघदेवाला आणखी एक अर्थ मिळाला आहे: या रानात माणसे कधीपासून राहतात, याचा तो साक्षीदार आहे.