कोंबडीची पिसे गेली? आधी जागा पाहा, मग उपाय करा



आपल्या पत्रिकेत लागणीची, खोडव्याची, खताच्या मात्रांची माहिती नेहमीच येते. आज विषय परसातला आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते. पण मीठ-मिरची, पोरांच्या वह्या-पेन्सिली, पाहुण्याचा चहा हा खर्च रोजचा. बऱ्याच घरी तो दहा-बारा कोंबड्यांच्या अंड्यांवर भागतो आणि तो पैसा घरच्या बाईच्या हातचा असतो. तेव्हा हा विषय किरकोळ समजू नये.

पावसाळा सरत आला की आठवड्याच्या बाजारात पिसे गेलेल्या, बोडक्या दिसणाऱ्या कोंबड्या मिळेल त्या भावात विकायला येतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "रोग पडलाय, अंडी बी बंद झाल्यात, ठेवून काय करू?" पण यातल्या पुष्कळ कोंबड्यांना रोग नसतोच. दोन-तीन महिने थांबले असते तर त्याच कोंबड्या पुन्हा अंड्यावर आल्या असत्या. म्हणून एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पिसे गेली एवढेच पाहू नका; अंगाच्या कोणत्या भागाची गेली ते पाहा. बहुतेक वेळा ती जागाच कारण सांगते.

जागेवरून कारण ओळखा

१) डोके-मानेपासून सुरू होऊन छाती, पाठ, पंख, शेपटी अशी क्रमाने पिसे गळत असतील, खुराड्यात अखंड पिसे पडलेली दिसत असतील आणि कोंबडी खाऊन-पिऊन हुशार असेल, तर ती जुनी पिसे टाकून नवी घेत आहे. दिवस लहान होऊ लागले की वर्षातून एकदा हे घडते. या काळात अंडी कमी होतात किंवा बंद पडतात. नवी पिसे यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. (काही देशी कोंबड्यांची मान जातीनेच उघडी असते, तो दोष नव्हे.)

२) फक्त पाठीवरची पिसे तुटलेली असतील, तर कारण कोंबडा. कळपात कोंबडे जास्त झाले की ठराविक कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. जादा कोंबडे काढून टाका.

३) छातीची आणि पोटाची पिसे गेली आणि कोंबडी जागेवरून उठेना, तर ती खुडूक आहे. अंड्यांना ऊब मिळावी म्हणून ती स्वतःच पिसे उपटते. इथे औषधाचे काम नाही.

४) बुडाभोवतीची आणि पंखाखालची पिसे विरळ, कातडी लाल, पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे पुंजके, अशी खूण असेल तर उवा आहेत. तांबडे बारीक किडे मात्र दिवसा अंगावर सापडत नाहीत. ते बसायच्या दांडीच्या आणि फळ्यांच्या फटीत दडतात व रात्री रक्त पितात. म्हणून रात्री बॅटरी घेऊन फटी तपासा.

५) शेपटीच्या मुळाशी किंवा बुडाजवळ पिसे गेली, कातडीवर जखम किंवा रक्त दिसले, तर इतर कोंबड्या टोचत आहेत. याला त्याच दिवशी आवर घातला पाहिजे.

टोचण्याची खोड

कोंबड्यांत मानपान असतो. थोरली धाकटीला एखादी चोच मारते, ते चालायचेच. पण रक्त दिसले की सगळा कळप तिथेच चोच मारतो आणि जखमी कोंबडी दोन दिवसांत मरू शकते. नव्या पिसाच्या कोवळ्या कोंबातही रक्त असते, त्यामुळे पिसे बदलणारी कोंबडी लवकर सापडते.

जखमी कोंबडी आधी वेगळ्या डालग्याखाली ठेवा. जखम धुऊन जांभळे औषध (जेन्शन व्हायोलेट) लावा; लाल रंग झाकला की बाकीच्यांचे लक्ष जात नाही. एखादीच कोंबडी टोचत असेल तर आठवडाभर तिलाच बाजूला काढा.

पण मूळ कारण काढले नाही तर खोड परत येते. खुराड्यात एका कोंबडीला निदान २ चौरस फूट जागा द्या. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारी पेटी ठेवा. रात्रभर दिवा जळत ठेवू नका. दाण्या-पाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडा, म्हणजे धाकट्यांनाही मिळेल. नव्या तलंगा आणल्या तर आठवडाभर जाळीपलीकडे ठेवून मग मिसळा.

खाण्याचेही पाहा. पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिनच. नुसत्या मक्यावर, ज्वारीवर आणि शिळ्या भाकरीवर ते तयार होत नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, वाळवी, हिरवा पाला यांची जोड द्या, नाहीतर १६ ते १८ टक्के प्रथिनांचे अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य द्या. बुरशी आलेली पेंड मात्र बिलकूल घालू नका. ते विष आहे.

उवांसाठी परसात एक उथळ खड्डा करून त्यात कोरडी माती आणि चुलीची राख टाका. कोंबड्या त्यात लोळून बऱ्याच उवा झटकतात. जास्त झाल्या असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या. त्याने लिखा मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा वापरावे लागते. त्या काळात अंडी खावीत की नाही तेही डॉक्टरांना विचारून घ्या. पूर्वी लोक बीएचसीची पावडर कोंबड्यांना चोळत. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. उसावर मारायचे औषध तर कोंबडीला लावूच नये.

खालची गादी कोरडी हवी

वर सांगितलेल्या निम्म्या तक्रारी खुराड्याच्या ओल्या जमिनीतून निघतात. ओल्या विष्ठेतून उग्र वायू सुटतो. आपण उभ्याने आत गेलो तर कळत नाही. एकदा खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर समजा, तुमची कोंबडी रात्रभर त्यातच बसते. अशा जागी कोंबड्या चिडतात, टोचतात, आणि पिलांना रक्ती हगवण लागते.

गादीचा माल आपल्या शेतातच आहे. खोडव्यात पाचट आच्छादनासाठी ठेवायचेच आहे, पण त्यातले दोन-चार भारे घरी आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटलेल्या उसाचे पाचट चांगले वाळलेले असते. तेच पावसाळ्यासाठी आडोशाला भरून ठेवा. कडबाकुट्टीवर त्याचे दोन-तीन इंची तुकडे करा, कारण लांब पाचटाच्या खाली ओल दबून ढेपा बनतात. त्यात भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले मिसळून ४ इंच जाडीची गादी घाला, पावसाळ्यात ६ इंच. बगॅस मिळाला तर ताजा टाकू नका. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते आणि ढिगात बुरशी धरते. ती बुरशी कोंबडीच्या छातीत जाते आणि तिची धूळ माणसालाही बाधते. कडक उन्हात वाळवा आणि हाताळताना नाकाला फडके बांधा.

गादी आठवड्यातून दोनदा खालीवर करा. पाण्याचे भांडे विटेवर ठेवा. परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी आवळून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. किंचित आवळून लगेच सुटली तर बरोबर. ओला भाग काढून टाकायचा, कोरडे पाचट भरायचे.

काढलेली गादी उकिरड्यावर न फेकता खड्ड्यात कुजवा. ताजी घातली तर पिकाला चटका बसतो. कुजली की शेणखतापेक्षा जास्त नत्र देणारे खत होते. उसातून आलेले पाचट असे पुन्हा उसालाच जाते.

तेव्हा यंदा पिसे गळलेली कोंबडी दिसली तर बाजाराची वाट धरण्याआधी तिला हातात घ्या, पंखाखाली पाहा, पाठ पाहा, बूड पाहा. हुशार असेल आणि जखम नसेल तर चांगले खाऊ घाला आणि थांबा. मात्र कोंबड्या मलूल होऊन पटापट मरू लागल्या तर एक दिवसही न थांबता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि सभासद बंधूंनो, हा लेख आपण वाचून ठेवून देऊ नका. घरात ज्या बाईच्या हाती कोंबड्या आहेत तिला आज संध्याकाळी वाचून दाखवा.