उत्तर मिळालं, पण पोहोचलं नाही

पोटाचं ऑपरेशन संपत आलेलं असतं. आतलं काम उरकलं, आता पोट शिवायचं. या टप्प्यावर सर्जन, असिस्टंट आणि नर्स यांनी हातातले ग्लोव्ह्ज बदलायचे आणि टाके घालण्यासाठी निर्जंतुक केलेल्या इन्स्ट्रुमेंट्सचा नवा संच उघडायचा. ‘चीता’ नावाच्या अभ्यासात एवढीच गोष्ट तपासली होती. भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको या सात देशांतल्या ८१ रुग्णालयांतले १३,३०१ रुग्ण त्यात होते. नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, ग्लोव्ह्ज आणि इन्स्ट्रुमेंट्स बदलली तिथे १६ टक्के रुग्णांच्या. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

तीन टक्क्यांनी काय होतं, असं वाटेल. शंभर ऑपरेशनांमागे तीन माणसांची जखम चिघळली नाही. म्हणजे तेवढ्यांचं रोजचं ड्रेसिंग टळलं, अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स टळला, वॉर्डातली खाट लवकर रिकामी झाली, सोबत राहिलेल्या नातेवाइकाचा रोज बुडाला नाही. ग्लोव्ह्जच्या जोड्या जास्त लागल्या आणि एकूण नासाडी कमी झाली. रुग्णालयातली काटकसर म्हणजे कापूस मोजून द्यायचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती निम्मीच खरी आहे. काय वाया जातं हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं तर ते काम वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्येच (ओटीत), रोजच्या धबडग्यात व्हावं लागतं.

असे प्रश्न विचारणारे अभ्यास थोडे का? पैसा कमी पडतो म्हणून, हे उत्तर पटकन सुचतं. सर इयान चाल्मर्स आणि पॉल ग्लाझिऊ या संशोधकांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच वेगळा हिशेब मांडला. वैद्यकीय संशोधनाची आखणीच इतकी सदोष असते, किंवा आधी काय झालंय हे न पाहता केलेली असते, की त्यातला साधारण निम्मा भाग कामाचा राहत नाही. उरलेल्यातला निम्मा कधी प्रसिद्धच होत नाही. जो प्रसिद्ध होतो, त्यातला निम्मा इतका अर्धवट लिहिलेला असतो की दुसऱ्या डॉक्टरला त्यावरून उपचार करता येत नाहीत. रुपयाचे पन्नास पैसे, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. ८५ टक्क्यांहून अधिक गुंतवणूक वाया, हा त्यांचा अंदाज जगभर गाजला. अंदाज ढोबळ आहे, हे लेखकही जाणून होते. पण तिन्ही गळत्या खऱ्या आहेत आणि प्रत्येकीला माणसांच्या जिवाची किंमत आहे.

प्रसिद्ध न होण्याची किंमत पाहा. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभराच्या आतबाहेर रुग्णांवर लॉरकेनाइड या औषधाची चाचणी झाली. झटक्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होतात, ते ताळ्यावर आणणारं हे औषध. औषध घेतलेल्या गटात नऊ जण दगावले, न घेतलेल्या गटात एक. संशोधकांना तो योगायोग वाटला. औषधाचं उत्पादन व्यापारी कारणांनी पुढे गेलंच नाही, त्यामुळे अहवाल पडून राहिला. त्याच कुळातली दुसरी औषधं मात्र १९८०च्या दशकात सर्रास दिली जात होती. ती जीव घेतात हे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ‘कास्ट’ या मोठ्या चाचणीने दाखवलं. लॉरकेनाइडचा निबंध छापून आला १९९३ मध्ये, तेरा वर्षांनी. आपला अहवाल वेळेवर आला असता तर धोक्याची सूचना आधी मिळाली असती, असं त्या संशोधकांनीच त्यात लिहिलं. चाचणीत मेलेल्या नऊ जणांनी दिलेलं उत्तर तेरा वर्षं कागदावर पडून होतं.

आधीचं न पाहता पुन्हा तेच करण्याचं उदाहरण याहून विचित्र आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲप्रोटिनिन हे औषध देत. १९८७ ते २००२ या काळात त्यावर ६४ चाचण्या झाल्या. सगळ्यांची बेरीज केल्यावर दिसलं, की १९९२ मध्ये बाराव्या चाचणीनंतरच उत्तर पक्कं झालं होतं : रक्तस्राव कमी होतो. तरी पुढे पन्नासहून अधिक चाचण्या झाल्या आणि प्रत्येकीत काही रुग्णांना मुद्दाम औषधाविना ठेवलं गेलं. नव्या निबंधांत आधीच्या चाचण्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याचाच उल्लेख असे. या गर्दीत खरा प्रश्न मात्र मागे राहिला. रक्त कमी गेलं, पण माणूस वाचतो का? आणि स्वस्तातलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं तर? तो प्रश्न कॅनडातल्या १९ रुग्णालयांनी २,३३१ रुग्णांच्या एकाच मोठ्या चाचणीत विचारला. ॲप्रोटिनिनच्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असं दिसल्यामुळे २००७ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. चौसष्ट लहान चाचण्यांना जे जमलं नाही ते एकीने केलं, कारण रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचं काय हे तिने आधी ठरवलं होतं.

आपल्या डोळ्यांदेखत हे सगळं २०२० मध्ये पुन्हा घडलं, चांगलंही आणि वाईटही. ब्रिटनमध्ये पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे या संशोधकांनी मार्चमध्ये ‘रिकव्हरी’ चाचणी उभी केली. तिचं यश तिच्या साधेपणात होतं. कोव्हिड वॉर्डातल्या डॉक्टरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, म्हणून फॉर्म अगदी आटोपशीर ठेवले : दाखल करून घेताना थोडी माहिती आणि २८ दिवसांनंतर रुग्णाचं काय झालं एवढंच. औषध कोणाला द्यायचं ते संगणक ठरवायचा. पावणेदोनशेच्या आसपास सरकारी रुग्णालयं तिच्यात उतरली. १६ जूनला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत उत्तर आलं. डेक्सामेथासोन दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. औषध जुनं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं, किंमत किरकोळ. दुसऱ्याच दिवसापासून जगभरच्या वॉर्डांत ते वापरता आलं.

प्लाझ्माच्या बाबतीत आपण काय केलं, ते मात्र मला अजून सलतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चांगल्या आखणीची चाचणी केली. त्या धामधुमीत ती करणं ही मोठीच गोष्ट होती आणि त्या डॉक्टरांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. निष्कर्ष स्पष्ट होता : बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा दिल्याने आजार बळावणं किंवा मृत्यू कमी होत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये तो ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी जूनअखेरीला महाराष्ट्रात ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ या नावाने प्लाझ्माचा मोठा उपक्रम सुरू झाला होता. देशाच्या उपचारांच्या सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला थेट मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन धडकली. ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा’ असे मेसेज प्रत्येकाच्या व्हॉट्सअपवर फिरत होते. आईच्या उशाशी बसायचं सोडून मुलगा रक्तपेढ्यांच्या दारात उभा होता. पुरावा आपल्याच रुग्णांनी दिला होता, आपल्याच डॉक्टरांनी गोळा केला होता, आणि तो आपल्याच वॉर्डापर्यंत पोहोचायला सात महिने लागले.

वॉर्ड आणि संशोधन या दोन वेगळ्या इमारती मानल्या की असं होतं. त्या एक मानल्या तर काय होतं, ते पाहायला मदुराईला जावं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांनिशी सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या ओटीत सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबलं असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार होतो. डोळा साफ केलेला, कापड टाकलेलं, इन्स्ट्रुमेंट्स मांडलेली. सर्जन मायक्रोस्कोप वळवतो आणि पुढच्या डोळ्यावर काम सुरू करतो. त्याच्या हाताखाली बहुतेक खेड्यांतून आलेल्या, तिथेच शिकवून तयार केलेल्या मुली असतात. टाके, लेन्स, नोंदी, प्रत्येकीचं काम ठरलेलं. महाग भिंगं परवडेनात म्हणून संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून ती स्वतःच बनवायला घेतली. पाश्चात्त्य रुग्णालयांत एकदा वापरून फेकतात अशा कितीतरी वस्तू इथे निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. एका शस्त्रक्रियेमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या जेमतेम पाच टक्के भरतं, असं २०१७ च्या एका अभ्यासात आढळलं.

यावर सुज्ञ वाचक लगेच विचारील : मग जंतुसंसर्ग? प्रश्न रास्त आहे आणि अरविंदने तो स्वतःलाच विचारला. रोजच्या नोंदी नीट ठेवल्या असल्यामुळे त्यांना सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रिया तपासता आल्या. डोळ्याच्या आतल्या गंभीर जंतुसंसर्गाचं प्रमाण आधीच ०.०७ टक्के इतकं कमी होतं. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिनचा थेंबभर डोस सोडायला लागल्यावर ते ०.०२ टक्क्यांवर आलं. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागली नाही. केसपेपर पूर्ण भरलेला होता, म्हणून तो पुरावा होऊ शकला. आपल्याकडच्या किती विभागांतल्या केसपेपरांवरून असा प्रश्न सोडवता येईल, याचं उत्तर विभागप्रमुखांनी स्वतःशी तरी द्यावं.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हाच विचार औषधाच्या कुपीपर्यंत गेलेला दिसतो. कर्करोगाची महागडी औषधं ठरावीक मापाच्या कुपीत येतात, डोस मात्र रुग्णाच्या वजनावर ठरतो. उरलेलं औषध टाकून द्यावं लागतं. अमेरिकेत अशा उरल्यासुरल्या औषधाची किंमत वर्षाला सुमारे १८० कोटी डॉलर होते, असं २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी काढलं. बोर्टेझोमिब हे औषध तिथे फक्त साडेतीन मिलिग्रॅमच्या कुपीत विकलं जाई, ब्रिटनमध्ये एक मिलिग्रॅमचीही कुपी मिळे. टाटाच्या डॉक्टरांनी याहून मूळचा प्रश्न घेतला : एवढा डोस लागतो तरी का? निव्होलुमॅब या औषधाचा एरवीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या रुग्णांना त्यांनी कर्करोगावरच्या गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. गोळ्यांवरच असलेल्यांपैकी वर्षभर जगले १६.३ टक्के, हे औषध मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. चाचणी १५१ रुग्णांची होती आणि पूर्ण डोसशी तिने तुलना केलेली नाही, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण ज्या घराला पूर्ण डोस कधीच परवडणार नव्हता, त्या घरासाठी आधी पर्यायच नव्हता, तो निर्माण झाला. चाळीस मिलिग्रॅमची एक कुपी, त्याच दिवशी बोलावलेले दोन रुग्ण, आणि टाकायला काही उरत नाही. त्यासाठी डे-केअरच्या अपॉइंटमेंट देणाऱ्या माणसाला हे गणित माहीत असावं लागतं. म्हणून मी याला विभागाचं यश मानतो, एकट्या डॉक्टरांचं नव्हे. टाटाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ४० औषधांची एकत्र खरेदी करून १,३२० कोटी रुपये वाचवले, तेही याच वृत्तीतून.

आता आपल्या मेडिकल कॉलेजांकडे येतो, कारण सर्वांत मोठी गळती मला तिथे दिसते आणि ती बुजवणं सर्वांत सोपंही तिथेच आहे. एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला थिसिस लिहावा लागतो. पहिल्याच वर्षी सिनॉप्सिस द्यायचा, विषय बहुधा गाइड सुचवतो, मागच्या बॅचच्या थिसिसमध्ये दोन शब्द बदलून. ड्युटी सांभाळून पन्नास-साठ रुग्ण गोळा करायचे, रात्री जागून टेबलं भरायची, बाइंडिंग करून विभागात जमा करायचं. पुढच्या शहरातल्या कॉलेजात त्याच वेळी तोच विषय तसेच पन्नास रुग्ण घेऊन चाललेला असतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, आणि पन्नासांतून दोघांच्याही हाती ठाम काही लागत नाही. त्या रुग्णांनी जास्तीचं रक्त दिलं, जास्तीच्या खेपा घातल्या, संमतीपत्रावर विश्वासाने अंगठा उमटवला. त्यांचं उत्तर कपाटात जातं.

याला उपाय आहे आणि तो करून पाहिलेला आहे. ब्रिटनमधल्या शिकाऊ सर्जनांनी आपले जिल्ह्याजिल्ह्यातले गट जोडले आणि ‘रोसिनी’ नावाची चाचणी केली. पोटाच्या जखमेच्या कडांना प्लास्टिकचं संरक्षक कडं बसवलं तर जंतुसंसर्ग कमी होतो का, हा प्रश्न. २१ रुग्णालयं, ७६० रुग्ण, आणि २०१३ मध्ये उत्तर : काही फरक पडत नाही. नकारार्थी उत्तराचीही किंमत मोठी असते, तेवढा खर्च करायचा नाही हे कळतं.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली राज्यभरातली कॉलेजं आहेत. एका विषयाच्या दहा कॉलेजांतल्या रेसिडेंटनी एकच प्रश्न, एकच फॉर्म आणि एकच मोजमाप घेतलं, तर पन्नासांचे पाचशे होतात. थिसिस प्रत्येकाचा स्वतंत्र राहू शकतो, परीक्षेच्या नियमांत बसवणं अवघड नाही. त्याबरोबर एथिक्स कमिटीने सिनॉप्सिस मंजूर करताना दोन गोष्टी मागाव्यात. या प्रश्नावर आधी झालेल्या सगळ्या अभ्यासांचा आढावा जोडला आहे का? आणि मागच्या तीन बॅचच्या थिसिसचे निकाल विभागाने कुठे जाहीर केले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर नवा सिनॉप्सिस परत पाठवावा. सुरुवातीला आरडाओरड होईल, होऊ द्यावी.

रुग्णाच्या हातातही एक गोष्ट आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया जुलै २००७ पासून चालू आहे. औषध नियंत्रकांनी २००९ पासून चाचण्यांची तिथली नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी केलेलीच नोंदणी स्वीकारली जाते. ही रजिस्ट्री सर्वांना खुली आहे. अभ्यास कसला, कुठे चाललाय, किती रुग्ण घेणार, हे कोणालाही वाचता येतं. तुमच्यापुढे किंवा वडिलांपुढे उपचारांच्या चाचणीचं संमतीपत्र आलं तर सही करण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, तो तुमच्याकडच्या प्रतीवर लिहून घ्या आणि निकाल कधी, कुठे कळवणार ते विचारा. विचारणं उद्धटपणाचं नाही. बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतील, आणि ज्यांना सांगता येणार नाही, त्यांना निदान कोणीतरी विचारलं होतं हे लक्षात राहील.