एक प्रांत, एक धर्म? व्हिडिओ गेममधील इतिहासाचा पेच

वेरूळची लेणी पाहायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी न सांगताही लक्षात येते. पहिली बारा लेणी बौद्धांची, तेराव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंतची हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. आणि हे सारे एकाच डोंगराच्या कड्यात, जेमतेम दोन किलोमीटरच्या अंतरात. त्या काळी हा प्रांत कोणत्या धर्माचा होता, असा प्रश्न तेथे उभे राहून कोणी विचारला तर त्याला काय उत्तर द्यावे? मात्र संगणकावर इतिहासाचा खेळ खेळणाऱ्याला असा पेच पडत नाही. तो नकाशावर त्या प्रांतावर क्लिक करतो आणि एका शब्दात उत्तर मिळते. गेली दोन दशके जगभरातील खेळाडू ज्या खेळांतून मध्ययुगीन जगाचा नकाशा शिकत आले, त्यांत धर्माचे चित्रण कसे होते आणि ते तसेच का होते, हा म्हणूनच केवळ करमणुकीचा विषय राहत नाही.

या खेळांना ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणतात. त्यात बंदूक घेऊन धावायचे नसते. समोर जगाचा नकाशा असतो, त्यातील एखादे राज्य निवडायचे आणि कर, सैन्य, सोयरीक, तह, वारसाहक्क यांचा हिशेब सांभाळत ते शतकानुशतके चालवायचे. एक डाव पुरा व्हायला कित्येक आठवडे लागतात. स्वीडनमधील स्टॉकहोमची ‘पॅराडॉक्स’ ही कंपनी या प्रकारात अग्रगण्य मानली जाते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’, ‘क्रुसेडर किंग्ज’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या तिच्या प्रमुख मालिका. पंधराव्या शतकात विजयनगर कोठे होते आणि बहमनी राज्याची सीमा कोठवर होती, हे पाठ्यपुस्तकात वाचून विसरलेली मुले या खेळांमुळे ते अचूक सांगतात, हे मान्य करावे लागेल.

आपल्याकडे सायबर कॅफेच्या दिवसांत ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) खेळलेल्या पिढीला संगणकावरील धर्मांतराची ओळख आधीच झाली होती. त्यातील पुरोहित हात वर करून काहीतरी पुटपुटे आणि समोरच्या शत्रूचा सैनिक क्षणात रंग बदलून आपल्या बाजूला येई. ती गंमत होती. तिला कोणी इतिहास समजत नसे. धर्म हा विषय गांभीर्याने हाताळण्याचा ठळक प्रयत्न २००५ मधील ‘सिव्हिलायझेशन ४’ या खेळात झाला.

सात धर्म, एकच नियम

‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये बौद्ध, हिंदू, ज्यू, कन्फ्यूशियन, ख्रिस्ती, ताओ आणि इस्लाम असे सात धर्म होते. विशिष्ट विद्या ज्या राष्ट्राला प्रथम साध्य होईल, त्याच्याकडे त्या धर्माची स्थापना होई. ध्यानविद्या साधली की बौद्ध धर्म, अनेकदेवतावाद साधला की हिंदू धर्म, एकेश्वरवाद साधला की ज्यू धर्म. त्यामुळे बौद्ध धर्म मेक्सिकोतील अॅझ्टेकांनी स्थापला आणि हिंदू धर्म ग्रीसमध्ये जन्मला, असे डाव सर्रास घडत. काशी विश्वनाथ उभारला की तो धर्म जेथे जेथे पोहोचला असेल, त्या प्रत्येक शहरामागे खजिन्यात एक नाणे जमा होई. बौद्धांसाठी तेच काम महाबोधी करी आणि मुसलमानांसाठी मक्केची मशीद. नावे आणि चिन्हे वेगळी, नियम मात्र तंतोतंत एक. कोणाच्याही भावना दुखावू नयेत म्हणून सातही धर्मांचे परिणाम सारखे ठेवले आहेत, असे निर्मात्यांनी खेळासोबतच्या माहितीतच नमूद केले होते.

ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने तिला फारसा अर्थ नाही. सर्व धर्म सारखेच असतील तर मग त्यांना नावे तरी कशाला? तथापि या बाळबोध वाटणाऱ्या खेळात एक गोष्ट होती आणि तिचे मोल पुढे कळले. एकाच शहरात सातही धर्म एकत्र नांदू शकत. राजधर्म नसलेली, सर्व धर्मांना मोकळीक देणारी राज्यव्यवस्थाही निवडता येई आणि तसे केल्यास शहरात जितके धर्म अधिक, तितकी प्रजा अधिक समाधानी राही. इतिहासाचा विशेष आव न आणणाऱ्या या खेळात वेरूळ बसत होते.

राजा आला, पण क्रमाने

याच्या अगदी उलट टोकाचा खेळ म्हणजे २०१२ मधील ‘क्रुसेडर किंग्ज २’. यात राज्य नव्हे तर घराणे चालवायचे असते आणि प्रत्येक व्यक्तीला नाव, स्वभाव, वारस व धर्म असतो. प्रारंभी खेळाडूला फक्त ख्रिस्ती राजा होता येत असे. त्याच वर्षी आलेल्या पुरवणीने मुस्लिम राजे खुले केले. २०१३ मध्ये मूर्तिपूजक युरोपीय टोळ्या आणि झरतुष्ट्राचे अनुयायी आले, त्याच वर्षाच्या अखेरीस ज्यू आले. भारत तर मूळ नकाशावरच नव्हता. २०१४ मधील ‘राजाज ऑफ इंडिया’ या पुरवणीने नकाशा पूर्वेकडे वाढवला, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैन राजे खेळता येऊ लागले. पुरवण्या विकत घ्याव्या लागत, हा व्यापाराचा भाग झाला. पण कोणता धर्म घरचा आणि कोणता पाहुणा, हेही त्या क्रमात दिसतेच.

भारतीय पुरवणीत निर्मात्यांनी अभ्यास केला नव्हता, असे नाही. हिंदू, बौद्ध व जैन हे तिन्ही एकाच गटात ठेवले होते आणि राजाला आयुष्यात एकदा, फारशी खळबळ न माजवता, त्यांपैकी एकातून दुसऱ्यात जाता येई. युरोपातील राजाने धर्म बदलला तर काय अनर्थ ओढवतो, हे ज्यांनी त्याच खेळात पाहिले आहे, त्यांना हा फरक जाणवे. मात्र हिंदू राजाच्या अंगी वर्णाचे एक बिरुद चिकटवलेले असे: ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य. अकराव्या शतकातील जातींचे आणि घराण्यांच्या दाव्यांचे सारे जंजाळ तीन चिठ्ठ्यांत मावले. चिठ्ठ्या हाताळायला सोप्या असतात, हे खरे.

‘आयुष्यात एकदा’ या अटीपाशी थोडे थांबायला हवे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नवव्या शतकात मान्यखेटहून, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडहून, दख्खनवर राज्य करीत होता. जैन परंपरा त्याला आपला मानते. आचार्य जिनसेन हे त्याचे गुरू. त्याच राजाच्या संजाण येथील ताम्रपटात, प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केल्याचा उल्लेख आहे. त्याने धर्म बदलला असे कोणी म्हणत नाही. जिनसेनांचे शिष्यत्व आणि महालक्ष्मीची भक्ती यांत त्याला स्वतःला काही विसंगती दिसली असेल, असेही वाटत नाही. खेळात मात्र राजाच्या नावापुढे एकच चिन्ह असते.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘क्रुसेडर किंग्ज ३’ने ही चौकट बरीच सैल केली. येथे प्रत्येक पंथ म्हणजे जणू एक पाककृती. तीन मुख्य तत्त्वे, त्यांवर विवाह, स्त्रियांचे स्थान, पुरोहितांची नेमणूक, कोणते वर्तन गुन्हा आणि कोणते क्षम्य, इतर पंथांकडे पाहण्याची वृत्ती कर्मठ की उदार, असे अनेक मसाले. पुरेसा पुण्यसंचय झाला की खेळाडू स्वतःचा नवा पंथही काढू शकतो आणि बहुतेकांना तेच सर्वांत आवडते. हिंदू धर्मही आता एकसंध राहिला नाही. वैष्णव, शैव, शाक्त, स्मार्त असे पंथ वेगळे दाखवले गेले.

ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. पण पाककृती वेगळ्या झाल्या तरी भांडे तेच राहिले. पंथाला प्रमुख आहे का? तो राजाहून वरचा की राजाच्या हाताखालचा? पंथाचा आवेश ओसरला की पाखंड कोठे उफाळते? हे सारे प्रश्न रोमन चर्चच्या इतिहासातून आलेले आहेत आणि पोपला ते चपखल बसतात. हिंदू पंथांच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते आणि तो रकाना रिकामा राहतो. एखाद्या परंपरेचे वर्णन तिच्यात काय नाही यावरून होऊ लागले, की मोजपट्टी दुसरीकडून आणली आहे हे ओळखावे.

तेराव्या शतकातील महाराष्ट्रच घ्या. हा काळ खेळाच्या कक्षेतलाच आहे. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा निवृत्तिनाथ, गहिनीनाथ अशी मागे जात आदिनाथ शंकरापर्यंत पोहोचते. त्यांची भक्ती पंढरीच्या विठ्ठलाची. शैव की वैष्णव? वारकऱ्यांनी नवा पंथ जाहीर करून कोणाविरुद्ध युद्ध पुकारले नाही, कोणाला धर्मप्रमुख नेमले नाही, पवित्र स्थळे सैन्य पाठवून जिंकली नाहीत. म्हणजे खेळाच्या नियमांनुसार पाहिले तर त्या शतकात येथे धर्माच्या बाबतीत काहीच घडले नाही.

आउग्सबुर्गचा तह आणि बिदरचा सुलतान

या साऱ्या नियमांच्या मुळाशी काय आहे, ते ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) या खेळात सर्वांत स्पष्ट दिसते. हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे व्हार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. यात प्रत्येक प्रांताला एकच धर्म असतो. राजाचा धर्म आणि प्रांतांचे धर्म जुळले नाहीत तर राज्याचे ‘धार्मिक ऐक्य’ टक्क्यांनी घटते आणि बंडाळी वाढते. उपाय म्हणून धर्मप्रचारक पाठवायचा. महिन्यागणिक टक्केवारी पुढे सरकते आणि शंभर भरले की संपूर्ण प्रांताचा धर्म एका दिवसात बदलतो.

युरोपच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने जर्मन राजांपुरता जो तोडगा काढला, त्याचे सूत्र पुढे ‘ज्याचे राज्य, त्याचा धर्म’ असे रूढ झाले. तो तोडगा होता फक्त कॅथलिक आणि लुथरपंथी यांच्यातला. काल्विनपंथीयांनासुद्धा त्यात जागा नव्हती. युरोपातही तो सर्वत्र चालला नाही. पोलंडने १५७३ मध्ये वॉर्सा येथे वेगळा मार्ग धरला, फ्रान्सने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंट प्रजेला मुभा दिली, आणि ऑटोमन सुलतानांनी शतकानुशतके ख्रिस्ती प्रजेवर राज्य केले. एका तहातील तडजोड या खेळात साऱ्या पृथ्वीचा निसर्गनियम झाली.

१४४४ मध्ये बिदरला बहमनी सुलतान होता आणि त्याची बहुसंख्य प्रजा हिंदू होती. खेळातील गणिताप्रमाणे हे राज्य आजारी आहे आणि धर्मप्रचारक हे त्यावरचे औषध. सहिष्णुतेचा मार्ग निर्मात्यांनी ठेवलेला आहे, हे नमूद केले पाहिजे. मानवतावादी धोरणे स्वीकारून प्रजेला तिच्या धर्मासह नांदवता येते. पण खेळ मत मांडत नाही, तो बक्षिसे देतो, आणि माणूस बक्षिसांतून शिकतो. वीस-तीस तास खेळल्यावर नकाशावरील परक्या रंगाचे ठिपके डोळ्यांना खुपू लागतात. ते पुसून सर्वत्र एकच रंग भरला की घर आवरल्यासारखे समाधान वाटते. प्रस्तुत लेखकालाही ते वाटले आहे. रात्री दोन वाजता, कावेरीकाठच्या कुठल्याशा प्रांताचा रंग ‘नीट’ झाल्यावर आपण नेमके काय केले, हे सकाळी चहा घेताना ध्यानात आले.

बौद्धांच्या बाबतीत तर या खेळाने कर्मालाच आकडा दिला आहे. आक्रमक युद्ध केले की तो घसरतो, मित्राच्या हाकेला धावले की चढतो. काटा मधोमध राहिला तर लाभ सर्वाधिक. मध्यम मार्गाचा इतका शब्दशः अर्थ कोणी लावला असेल, असे वाटत नाही. तरीही येथे निदान त्या धर्माच्या स्वतःच्या कल्पनेतून नियम काढण्याचा प्रयत्न आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे.

प्रांताकडून माणसाकडे

एकच रंग ठेवण्यामागे तांत्रिक अडचण असते, असे समर्थन अनेकदा केले जाते. हजारो प्रांत, प्रत्येकात अनेक धर्म, आणि हा सारा हिशेब दर महिन्याला, याने यंत्र मंदावणार हे खरे. परंतु याच कंपनीच्या ‘व्हिक्टोरिया’ या एकोणिसाव्या शतकावरील मालिकेत २००३ पासूनच प्रांतातील प्रजा लहान लहान लोकगटांत विभागलेली होती आणि प्रत्येक गटाला स्वतःचा व्यवसाय, संस्कृती व धर्म होता. अर्थात ते जमत होते. एकोणिसावे शतक जनगणनेचे, म्हणून तेथे माणसे मोजली गेली. त्याआधीच्या काळात राजे मोजले गेले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ने अखेर हीच पद्धत जुन्या काळाला लावली. हा खेळ १३३७ पासून सुरू होतो आणि त्यात एकाच ठिकाणी निरनिराळ्या धर्मांचे लोकगट शेजारी शेजारी राहू शकतात. वीस वर्षांपूर्वी ‘सिव्हिलायझेशन ४’च्या शहरांत जे होते, ते बऱ्याच मोठ्या वळशानंतर आणि कितीतरी अधिक बारकाव्यांसह परत आले, असे म्हणता येईल. प्रांताला आता एक धर्म असण्याची सक्ती नाही.

लोकगटाला मात्र आहे. प्रत्येक गटापुढे धर्माचा एक रकाना असतो आणि त्यात एकच नोंद मावते. त्या रकान्यापाशी आले की सतराव्या शतकातील श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवतात. मुसलमान घरात जन्मलेले, मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे, संतांच्या मांदियाळीत मानाने गणले जाणारे. परंपरा त्यांच्या गुरूचे नाव चांद बोधले असे सांगते, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू तेच, असेही सांगते. त्या चांद बोधल्यांना कोणी सूफी म्हणतात, कोणी दत्तभक्त. पुढील एखाद्या आवृत्तीत दख्खनचे निर्माते हे नाव यादीत घेतील तेव्हा रकान्यात काय भरतात, ते पाहायचे.