अडीच महिन्यांच्या नोकरीचं काय सांगाल?

मे महिन्यात मांडवा जेट्टीवर उतरलात तर तिकीट खिडकीवर, टपरीवर, वॉटर स्पोर्ट्सला तुमच्याच वयाची मुलं दिसतील. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात आणि यातल्या कित्येकांचं काम थांबतं. भाऊचा धक्का-मांडवा रो-रो १५ मार्च २०२० ला सुरू झाली, दहाच दिवसांत देशभर लॉकडाऊन! तेव्हा नुकतंच कामाला लागलेल्यानं मुलाखतीत मान का खाली घालायची?

तुमचंही असंच झालं असेल तर बायोडेटात ते लपवू नका. पीएफ कापला असेल, तर यूएएनच्या नोंदीत रुजू झाल्याची नि सोडल्याची तारीख असते. पडताळणीत ती सापडू शकते. तारखांपुढे 'हंगामी' लिहा. विचारलंच तर दोन वाक्यं पुरेत: 'लाँच बंद झाल्या, काम संपलं. तोवर रविवारच्या गर्दीत तिकिटांचा हिशेब मी सांभाळला.' मालकाची उणीदुणी नकोत.

मात्र खरंच काढून टाकलं असेल, तर 'हंगामी'ची थाप मारू नका. काय चुकलं, ते सरळ सांगा.

आणि हो, अनुभवपत्र मेमध्येच मागून घ्या, मॅनेजर जेट्टीवर आहे तोवर.